कडप्प्यावर लेसर मांडताना

मी मोटारी रिवाइंड करतो. पुसद तालुक्यात बोअरची मोटार जळली की लोक माझ्याकडे येतात. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथला, लायगो, म्हणजे अवकाशातल्या प्रचंड धडकांनी उठणाऱ्या गुरुत्वीय लहरी लेसरच्या दोन झोतांनी टिपणारं यंत्र, होणार (२०२३ मध्ये केंद्राने २,६०० कोटी मंजूर केले), तेव्हा वाटलं, हे यंत्र एकदा हातानं करून पाहू.

खर्च लेसरवर नको, बैठकीवर करा. दीड फुटाचा कडप्पा घ्या, खाली स्कूटरची ट्यूब अर्धवट हवा भरून ठेवा. मी आधी टेबलावर मांडलं होतं. दोन झोत मिसळून भिंतीवर उमटतात त्या रेघा दिसायच्या, पण ठरेनात.

कडप्प्याच्या कडेला लेसर, मध्ये अर्धपारदर्शक आरसा ४५ अंशात तिरपा. अर्धा प्रकाश सरळ जातो, अर्धा काटकोनात वळतो. दोन्हीकडे वीतभर अंतरावर एकेक आरसा. अंतरं सारखीच ठेवा, स्वस्त लेसरचा ताल लांबवर टिकत नाही. परतलेले दोन्ही झोत मधल्या काचेत मिसळून भिंतीवर पडतात.

घरचा आरसा चालत नाही, त्याचा मुलामा मागे असतो, म्हणून दोन-दोन ठिपके पडतात. भंगारातल्या हार्डडिस्कच्या चकत्या लावा. कापू नका, काही काचेच्या असतात. मधला आरसा मात्र विकतच आणा. साध्या काचेपायी माझ्या दोन रात्री गेल्या.

एक चकती प्लायवर तीन स्क्रूंनी बसवा, स्क्रूत बॉलपेनच्या स्प्रिंगा. भिंतीवरचे दोन ठळक ठिपके एकमेकांवर आणा. फिकट पिल्लं दिसतील, तिकडे दुर्लक्ष करा. ठिपका लुकलुकू लागला की काचेपुढे छोटं भिंग धरा. काळ्या-लाल रेघा उमटतील: दोन झोतांच्या लाटा जुळल्या तिथं लाल, एकमेकींना मारलं तिथं काळं. झोतात डोळा घालू नका, पोरांना मागं बसवा.

माझ्या रेघा पहिल्यांदा ठरल्या त्या रात्री शेजारचे आबाजी आले. “काऊन गा, भिंतीवर काय पाहून रायला?” म्हणत ओट्यावर पाय ठेवला अन् सगळ्या रेघा पुसल्या गेल्या. ते थांबले, रेघा परतल्या. मग म्हातारा दहा मिनिटं पाय आपटत बसला.

हिशेब असा: लाल लेसरची लाट ६५० नॅनोमीटरची. आरसा ३२५ नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या दोनशेव्या भागाच्या आसपास सरकला, तरी एक अख्खी रेघ सरकते. अमेरिकेतल्या लायगोचे हात, म्हणजे मधल्या काचेपासून टोकाच्या आरशापर्यंतच्या वाटा, ४ किलोमीटरचे. गुरुत्वीय लहर आली की एक हात ताणतो, दुसरा आखडतो, तोही प्रोटॉनच्या हजाराव्या भागाइतका. म्हणून तिथं ४० किलोचे आरसे एकाखाली एक चार लंबकांवर टांगलेत.

तरी आबाजी येणारच! त्यावर उपाय म्हणजे ३,००० किलोमीटर दूर दुसरं यंत्र. एका ठिकाणचा ट्रक दुसरीकडे जाणवत नाही. १४ सप्टेंबर २०१५ ला दोन कृष्णविवरांच्या धडकेची लहर लिव्हिंग्स्टनच्या यंत्रात पोचली, ७ मिलिसेकंदांनी हॅनफर्डच्या दुसऱ्या यंत्रात. दोन्हीकडे तीच खूण.

आता एका हाताखाली पेटती अगरबत्ती धरा. रेघा वाकतात, कारण गरम हवेत प्रकाशाची चाल बदलते. लायगोच्या नळ्यांतली हवाच काढून टाकतात. आपण खोकं पालथं घालायचं, पंखा बंद करायचा, लेसर सेलवर चालवायचा आणि पहाटे बसायचं. मे महिन्यात याच्या नादी लागू नका.