इझमायलोव्होत बिल्ले घ्यायला निघण्याआधी

मॉस्कोच्या इझमायलोव्हो बाजारात सोव्हिएत लष्करी बिल्ले शोधायला जाणार असाल, तर आधी विषय ठरवा. वैमानिक, पॅराशूट, पाणबुडी, सगळंच घेऊ म्हटलं की घरी नुसता ढीग येतो. नवख्याने सैनिकाच्या कौशल्याचा वर्ग दाखवणारा, छोट्या ढालीच्या आकाराचा बिल्ला धरावा. मधल्या १, २, ३ वरून वर्ग कळतो आणि आकड्याच्या जागी एम असेल तर तो ‘मास्टर’, म्हणजे कामातला उस्ताद.

मग रशियन अक्षरं गिरवा, आठवडा पुरतो. इंग्रजी सी दिसते ते ‘स’, पी दिसते ते ‘र’. एवढं जमलं तरी बिल्ल्यावरचा मजकूर बोलायला लागतो.

खिशात दहापट मोठं दाखवणारं भिंग, लहान चुंबक, ग्रॅमचा दशांश दाखवणारा काटा आणि मऊ कापड ठेवा. भिंग मात्र आधी मागच्या बाजूला लावा. ‘गार्ड’चा, म्हणजे लढाईत नावाजलेल्या तुकड्यांतल्या सैनिकांचा, बिल्ला २१ मे १९४२ रोजी सुरू झाला, उत्कृष्ट स्नायपर, उत्कृष्ट तोफची हेही त्याच दिवशीचे. पण गार्डचा बिल्ला युद्धानंतरही अनेक वर्षं निघत राहिला, त्यामुळे दर्शनी बाजूवरून वय ठरत नाही. जुना पितळी बिल्ला हाताला जड लागतो, उशिराचा ॲल्युमिनियमचा अगदी हलका. स्क्रू, त्यावरचा नट, नटावरचा कारखान्याचा शिक्का हे सगळं पाहा. नट बदललेला असू शकतो, म्हणून एकट्या शिक्क्यावर भिस्त नको. भट्टीत भाजलेला मिना काचेसारखा तुटतो, नकलेतला राळेचा रंग मऊ आणि फुगीर दिसतो. पॅराशूटच्या बिल्ल्याखाली लोंबणारा उड्यांचा आकडा सहज बदलता येतो, तिथे कडी नीट तपासा.

चिंच लावून समई घासतो तसं यांना घासू नका. जुना काळपटपणा गेला की परत येत नाही.

‘ऑर्डर’ म्हणजे मोठे सरकारी सन्मान, त्यांना आणि पदकांना हात लावू नका. सरकारी सन्मानांची खरेदी-विक्री रशियात गुन्हा आहे. जुन्या वस्तू देशाबाहेर नेण्याचे नियमही तिकीट काढण्याआधी वाचा.

शेवटी एक वही घ्या आणि विक्रेत्याकडे बिल्ल्यासोबतची प्रमाणपत्राची पुस्तिका जरूर मागा. बिल्ला कोणाच्या छातीवर होता ते तिच्यातच लिहिलेलं असतं. ती मिळाली तर दोन पैसे जास्त द्या, आणि दोघांची ताटातूट करू नका.