पेनी शेअर घ्यायचाच असेल, तर आधी गिऱ्हाईक शोधा

मी कर सल्लागार आहे. सदाशिव पेठेत ऑफिस आहे आणि रिटर्नच्या हंगामात लोकांची डिमॅट स्टेटमेंटं रोज माझ्या टेबलावर येतात. ओळखीच्या कंपन्या, दोन-चार म्युच्युअल फंड, आणि अगदी तळाशी एखादी ओळ: पाच हजार शेअर, भाव एक रुपया ऐंशी पैसे. ‘ताई, तो तेवढा राहू दे, तो विकताच येत नाहीये.’ पेनी शेअरबद्दल कोणी विचारलं की मी या वाक्यापासूनच सुरुवात करते. या शेअरांचा भाव पडतो हे सगळ्यांना माहीत असतं. विकायला गेल्यावर समोर घेणाराच नसतो, हे मात्र पैसे अडकल्यावरच कळतं. म्हणून खालचं सगळं एकाच प्रश्नासाठी आहे: मला हा शेअर विकायचा असेल त्या दिवशी तो कोण घेणार?

पेनी शेअरची सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, ठरवलेली अशी व्याख्या नाही. बाजारात कोणी दहा रुपयांच्या खालच्या शेअरला पेनी म्हणतं, कोणी वीसच्या खालच्या. पण नुसत्या भावावरून स्वस्त-महाग ठरत नाही, हे आधी पक्कं करून घ्या. व्होडाफोन आयडियाचं उदाहरण बघा. २०२५ मध्ये सरकारने थकबाकीच्या बदल्यात शेअर घेतले आणि कंपनीच्या शेअरांची संख्या १०,८३४ कोटींच्या घरात गेली. भाव सात रुपये धरला तरी बाजारमूल्य ७५ हजार कोटींच्या वर जातं. एमआरएफचे शेअर आहेत जेमतेम ४२ लाख ४१ हजार. एका शेअरचा भाव एक लाख धरला तर बाजारमूल्य होतं साधारण ४२ हजार कोटी. म्हणजे या हिशोबात सात रुपयांचा शेअर असलेली कंपनी मोठी ठरली. ‘दोन रुपयांचाच तर आहे, अजून किती पडणार’ हा युक्तिवाद मी रोज ऐकते. दोनचा एक झाला तर निम्मे पैसे गेले. दोनशेचा शंभर झाल्यावर जातात तितकेच.

व्होडाफोन आयडियाच्या भवितव्याबद्दल तुमचं मत काहीही असो, त्यात रोज कोट्यवधी शेअरांची उलाढाल होते. विकायचा ठरवला तर विकला जातो. खरी अडचण असते ती शे-दीडशे कोटींच्या आतल्या, कधीच नाव न ऐकलेल्या कंपन्यांची. इथून पुढे मी त्यांच्याबद्दलच बोलतेय.

सगळ्यात आधी ब्रोकरच्या ॲपवर त्या शेअरची ‘मार्केट डेप्थ’ उघडा. डावीकडे घेणाऱ्यांच्या पाच ओळी, उजवीकडे विकणाऱ्यांच्या पाच. धडधाकट शेअरमध्ये दोन्ही बाजू भरलेल्या असतात आणि दोन भावांत पैशा-दोन पैशांचंच अंतर असतं. शेअर अप्पर सर्किटला असेल, म्हणजे एका दिवसात भाव जितका चढू शकतो ती मर्यादा गाठलेली असेल, तेव्हा उजवी बाजू पूर्ण कोरी दिसते: घ्यायला लाखोंची रांग, विकायला कोणीच नाही. लोकांना हे चित्र बघून मोह होतो. पण तेच चित्र उलटं होऊ शकतं. लोअर सर्किटला, म्हणजे खालच्या मर्यादेला, डावीकडे शून्य, उजवीकडे अकरा लाख शेअर विक्रीला, आणि त्या रांगेत तुमची पाच हजारांची ऑर्डर शेवटी. रात्री ऑर्डर रद्द होते, सकाळी पुन्हा रांग. पाच टक्क्यांचं सर्किट रोज खाली लागत गेलं तर शंभराचे दहा दिवसांत साठ होतात आणि वीस दिवसांत छत्तीस. स्टॉप लॉस (भाव ठरावीक पातळीखाली गेला की आपोआप सुटणारी विक्रीची ऑर्डर) लावला होता असं सांगणारे खूप भेटतात. घेणाराच नसेल तर स्टॉप लॉसची ऑर्डर सुटते, पण सौदा होत नाही.

हे चित्र एक दिवस बघून भागत नाही. दोन-तीन आठवडे रोज बघा, आणि सोबत दिवसाची उलाढाल रुपयांत लिहून ठेवा. शेअरांच्या आकड्याने फसायला होतं. ‘आज एक लाख शेअर फिरले’ ऐकायला मोठं वाटतं, पण भाव दोन रुपये असेल तर ती उलाढाल फक्त दोन लाखांची आहे. त्यात तुमचे एक लाख घातलेत, तर बाहेर पडताना बाजार तुम्हीच पाडणार. माझा स्वतःचा नियम कडक आहे: तुमची रक्कम दिवसाच्या सरासरी उलाढालीच्या पाच टक्क्यांवर जाऊ द्यायची नाही. दोन लाखांची उलाढाल असेल तर दहा हजार, बस.

मग बीएसईच्या वेबसाइटवर कंपनीचं पान उघडा आणि तिचा ग्रुप बघा. ‘झेड’ म्हणजे नोंदणीचे नियम न पाळणारी कंपनी. तिथेच थांबा, पुढे वाचायचीही गरज नाही. ‘टी’ असेल, किंवा एनएसईवर ‘बीई’ मालिका असेल, तर त्याच दिवशी घेऊन विकता येत नाही, प्रत्येक सौद्याची डिलिव्हरीच घ्यावी लागते. ‘एएसएम’ किंवा ‘जीएसएम’ (या शेअरवर बाजाराची जादा देखरेख आहे) अशी सूचना ॲपवर दिसते तिच्याकडे बरेच जण ‘ओके’ दाबून दुर्लक्ष करतात. जीएसएमच्या वरच्या टप्प्यांत शेअरची खरेदी-विक्री आठवड्यातून एकदाच होते, आणि घेणाऱ्याला जादा रक्कम ठेव म्हणून भरावी लागते. अशा अटी घालून घेऊन तुमचा शेअर उचलायला कोण येईल, याचा विचार करा.

आता ज्या पानाकडे लोक बघतच नाहीत आणि जे मला सगळ्यात बोलकं वाटतं ते: ‘शेअरहोल्डिंग पॅटर्न’. ते दर तिमाहीला येतं. गेल्या सहा तिमाह्यांचं शेजारी-शेजारी ठेवा. प्रवर्तकांचा, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांचा, हिस्सा किती होता, आता किती आहे? त्यांनी किती शेअर तारण ठेवलेत? आणि दोन लाखांपर्यंत भांडवल असलेल्या छोट्या भागधारकांची संख्या किती वाढली? भाव चढताना प्रवर्तकांचा हिस्सा कमी होत असेल आणि छोट्यांची संख्या फुगत असेल, तर तुम्हाला विकणारा कोण आहे ते त्या पानावरच छापलेलं आहे. प्रेफरेन्शियल वाटपात, म्हणजे कंपनीने निवडक लोकांना थेट नवे शेअर दिले तेव्हा, ते कोणाला दिले होते हेही शोधा. प्रवर्तक नसलेल्यांना साधारण सहा महिन्यांची लॉक-इन (शेअर विकायला बंदी) असते, आणि ती संपण्याची तारीख व टिप्सचा पाऊस यांची गाठ बऱ्याचदा पडते.

हे सगळं कसं चालतं त्याचा सरकारी कागदच उपलब्ध आहे. मार्च २०२३ मध्ये सेबीने साधना ब्रॉडकास्ट या कंपनीच्या शेअरबाबत अंतरिम आदेश काढला. यूट्यूबवर व्हिडिओ टाकले गेले होते, त्यांत अदानी समूह ही कंपनी घेणार असल्यासारखे खोटे दावे होते आणि जाहिरातींवर पैसे खर्चून ते लाखो लोकांपर्यंत पोचवले होते. सेबीच्या आदेशानुसार छोट्या भागधारकांची संख्या त्या काळात २,१६७ वरून ५५,३४३ झाली. आधीपासून शेअर बाळगून असलेल्यांनी याच नव्या लोकांना माल विकला. आपल्याकडे पूर्वी आणखी एक कारण होतं. ३१ मार्च २०१८ पर्यंत शेअरवरचा दीर्घकालीन नफा करमुक्त होता, त्यामुळे काळा पैसा पांढरा करायला पेनी कंपन्यांचे भाव मुद्दाम चढवले जात. प्राप्तिकर खात्याच्या त्या काळातल्या नोटिसांवरची अपिलं पुढे कितीतरी वर्षं चालली.

कंपनीचे हिशोब वाचायला सीए असावं लागत नाही. वार्षिक अहवालात मी तीन जागा आधी उघडते. पगारावरचा खर्च: दोनशे कोटींची ऑर्डर मिळाल्याची घोषणा करणारी कंपनी वर्षाला पगारावर सहा लाख खर्च करत असेल, तर काम कोण करणार आहे? येणी: विक्री दिसते, पण पैसे हातात आलेलेच नाहीत, असं दोन-तीन वर्षं चाललंय का? आणि ऑडिटर: त्याने मधेच राजीनामा दिला असेल तर ते पत्र बीएसईवर असतं, ते शब्द न् शब्द वाचा. नोंदणीकृत पत्ता पुण्यातला असेल तर जाऊन बघा. भोसरी किंवा चाकणला गाडीने जायला तासभर लागतो, आणि कारखान्याच्या फाटकाशी उभं राहून जे कळतं ते कुठल्याही व्हिडिओत कळत नाही.

दोन प्रकारच्या गोष्टी लोकांना हमखास भुलवतात. एक, पडलेली मोठी कंपनी. डीएचएफएल या गृहकर्ज देणाऱ्या कंपनीचा शेअर २०१८ मध्ये सहाशेच्या वर होता. २०२१ मध्ये तो वीसच्या आसपास आल्यावर अनेकांनी घेतला, कारण पिरामल समूह कंपनी घेणार हे जाहीर होतं. कंपनी वाचली, पण ठरलेल्या योजनेत जुन्या भागधारकांच्या शेअरची किंमत शून्य धरली होती आणि शेअर बाजारातून काढून टाकला गेला. दिवाळखोरीच्या प्रक्रियेत धनको आधी, भागधारक सगळ्यात शेवटी, हे लक्षात ठेवा. दुसरी गोष्ट एल्सिड इन्व्हेस्टमेंट्सची. २९ ऑक्टोबर २०२४ ला ३ रुपये ५३ पैशांचा शेअर एका दिवसात २ लाख ३६ हजार २५० रुपये झाला, आणि व्हॉट्सॲपवर हाच मेसेज फिरत राहिला. पण ३ रुपये ५३ पैशांना तो शेअर कोणी विकतच नव्हतं. कंपनीकडे एशियन पेंट्सचे शेअर होते, पुस्तकी किंमत लाखांत होती, आणि बाजाराने खास लिलाव घेऊन खरा भाव शोधला. त्याचा तुमच्या दोन रुपयांच्या शेअरशी काहीही संबंध नाही.

टिप देणाऱ्याचा नोंदणी क्रमांक मागा. रिसर्च ॲनालिस्टचा क्रमांक ‘आयएनएच’ने सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा ‘आयएनए’ने. तो सेबीच्या वेबसाइटवर टाकून नाव जुळतंय का ते बघा, कारण दुसऱ्याचा क्रमांक वापरणारेही असतात. क्रमांकच नसेल तर तो टिप्सचा व्हॉट्सॲप ग्रुप सोडा, मग तो सोसायटीतल्या कितीही भल्या माणसाने जोडून दिलेला असो.

खर्चाचं थोडक्यात: शेअर विकताना डिमॅटचा ठरावीक आकार लागतो, बहुतेक ब्रोकरांकडे पंधरा-वीस रुपये. तीनशे रुपयांचे शेअर विकलेत तर पाच-सहा टक्के तिथेच गेले.

आणि ज्यांचे पैसे आधीच अडकलेत त्यांच्यासाठी. ‘ॲव्हरेज’ करू नका. कमी भावात आणखी घेतल्याने गिऱ्हाईक येत नाही, तुमचा अडकलेला ढीग मात्र वाढतो. ट्रेडिंग चालू असेल तर थोडे-थोडे विक्रीला लावा, सकाळी बाजार उघडण्याआधी ऑर्डर टाका म्हणजे रांगेत पुढे राहाल. विकला गेला तर तोटा नोंदवता येतो: अल्पकालीन तोटा अल्प आणि दीर्घ दोन्ही नफ्यांतून वजा होतो, दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातून, आणि उरलेला आठ वर्षं पुढे नेता येतो. अट एकच, रिटर्न मुदतीच्या आत भरलेलं हवं. विकलाच गेला नाही तर नुसता भाव पडला म्हणून तोटा दाखवता येत नाही. म्हणून चांगल्या शेअरमध्ये नफा झालेल्या वर्षी मी लोकांना जानेवारीतच स्टेटमेंट घेऊन बोलावते, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नाही. लोअर सर्किटच्या रांगेतून बाहेर पडायला तेवढे आठवडे लागू शकतात.

कोणी खोटं सांगून घ्यायला लावलं असेल तर सेबीकडे तक्रार करा. ग्रुपमधल्या मेसेजचे स्क्रीनशॉट तारीख-वेळेसकट आणि पैसे दिल्याच्या पावत्या ग्रुप सोडण्याआधी काढून ठेवा, कारण नंतर तो ग्रुप उडवला जातो.