सायलेन्सरचे स्टड बदलताय? या चुका टाळा

सकाळी बाईक चालू केली की इंजिनच्या हेडजवळून (सिलिंडरवरचा भाग) ‘चक्-चक्-चक्’ आवाज येतो आणि इंजिन तापलं की कमी होतो. सायलेन्सरचा बेंड पाइप जिथे हेडला बसतो तिथे काळा धूर चिकटलेला दिसतो. अशा वेळी मधलं गास्केट (सांधा बंद ठेवणारी कडी) गेलेलं असतं, नट ढिला झालेला असतो किंवा स्टड, म्हणजे एक टोक हेडमध्ये आणि दुसऱ्या टोकाला नट असलेला आट्यांचा दांडा, तुटलेला असतो. ताम्हिणीच्या पावसात तापल्या पाइपवर पाणी उडत चार महिने फिरलेल्या गाड्यांचं हे दुखणं दिवाळीच्या आसपास हमखास वर येतं.

मग लोक पाना लावतात आणि जोर काढतात. बहुतेक स्टड इथेच तुटतात, पहिल्या दहा मिनिटांत.

गंजलेल्या नटाला कोरडा पाना लावूच नका. आदल्या रात्री वायर ब्रशने गंज झाडा, गंज सोडवणारं तेल मारा आणि नटावर हातोडीने हलके ठोके द्या. तासाभराने पुन्हा तेल, सकाळी पुन्हा तेल. नटाला सहा कोनांची गोटीच (सॉकेट) लावा. बारा कोनांचा रिंग पाना गंजलेल्या नटाचे कोपरे खातो, आणि एकदा नट गोल झाला की काम तिप्पट वाढतं.

सोडवताना सगळं लक्ष हाताकडे ठेवा. नट सुटणार असेल तर ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो आणि पुढे तो मोकळा फिरतो. पण पाना फिरतोय, आवाज नाही, हाताला मऊ लागतंय आणि जोर सोडला की पाना किंचित मागे येतोय, असं झालं तर तिथेच थांबा. नट जागेवरच आहे, स्टड पिळला जातोय. किंचित आवळा, तेल मारा, मग पुन्हा सोडवा. असं पुढे-मागे करत अर्धा तास गेला तरी जाऊ द्या.

तरीही हलत नसेल तर उष्णता द्या. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे स्टडभोवतीचं हेड तापवलं की त्याची पकड सैल होते. त्याआधी पेट्रोलची टाकी काढून लांब ठेवा आणि मारलेलं तेल पुसून घ्या. मी हॉट एअर गनच वापरतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि त्याआधी लोखंडासारखं लालभडक दिसत नाही. गॅसच्या टॉर्चने डोळ्यांच्या अंदाजावर तापवणाऱ्याला ते कळतच नाही.

तुटलाच तर

इझी-आउट (तुटलेल्या स्टडमध्ये भोक पाडून, आत घालून तो उलटा फिरवायचं हत्यार) घालण्याची घाई करू नका. पूर्ण जाडीचा स्टड जिथे पिळून तुटला, तिथे त्याच्या पोटात घातलेला बारीक इझी-आउट त्याला कसा फिरवणार? तो कडक आणि ठिसूळ असतो. आत मोडला तर साधं ड्रिल त्याच्यावर चालतच नाही. स्टडचं थोडं टोक बाहेर असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंगचा टाका मारून घ्या. वेल्डिंगच्या तापानेच स्टड बराचसा मोकळा होतो. सपाट तुटला असेल तर हेड काढून लेथवाल्याकडे न्या.

हे मी पोळल्यावर सांगतोय. सोसायटीच्या पार्किंगमध्ये वाकून, हातातल्या ड्रिलने मी तसाच स्टड पोखरत होतो. ड्रिल मधोमध नव्हतं. लोखंड कडक, शेजारचं ॲल्युमिनियम मऊ, त्यामुळे ते सरकलं आणि थेट हेडमध्ये घुसलं. चकचकीत पांढरा भुगा बाहेर आला तेव्हा कळलं. शेवटी भोक मोठं करून हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवावं लागलं.

नवा बसवताना

जुना स्टड खिशात घेऊनच नाना पेठेत जा. आटे आणि लांबी ताडून घ्या: एम६ ला (६ मिमी जाडीच्या स्टडला) सहसा १ मिमी पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, असते, एम८ ला १.२५. स्टडऐवजी साधा बोल्ट मारून देणारे पुष्कळ आहेत, त्यांना ठाम नाही म्हणा. बोल्ट प्रत्येक वेळी हेडच्या मऊ आट्यांत फिरतो आणि ते झिजवतो. स्टड आत एकदाच बसतो, झीज बाहेरच्या नटावर जाते.

हेडमधले आटे टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून साफ करा, भोक हवेने फुंका. दोन नट एकमेकांवर आवळून त्यांच्या मदतीने स्टड बसवा, तळाला टेकवून करकचू नका. साधं निळं थ्रेडलॉक (आटे ढिले होऊ नयेत म्हणून लावायचा चिकट द्रव) इथे बिनकामाचं, कारण ते १५० अंशांच्या आसपास पकड सोडतं. नटाच्या बाजूला तांब्याचं किंवा निकेलचं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा.

जुनं गास्केट हेडच्या पोर्टमध्ये (धूर बाहेर पडायच्या तोंडात) चिकटून राहतं आणि त्यावरच नवं बसवलं जातं, ही चूक मी फार वेळा पाहिली आहे. बॅटरी लावून आत बघा आणि खरवडून काढा.

पुढचे नट हाताने लावा, सायलेन्सरचा मागचा बोल्ट नुसता अडकवा. मग पुढचे दोन्ही नट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळा. मागचा बोल्ट सर्वांत शेवटी. तो आधी आवळला तर पाइप तिरका ओढला जातो आणि स्टडवर कायमचा ताण राहतो. एम६ ला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतं. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा वेगळा असेल तर तोच धरा.

दोन दिवस गाडी चालवा. तिसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, नटांवर पुन्हा एकदा पाना लावून बघा. नवं गास्केट दबून बसतं आणि नट किंचित ढिले पडतात.