संकलन केंद्रावरील मिथिलीन ब्लू चाचणी: कशी करावी आणि कधी विश्वास ठेवू नये

गावच्या दूध संस्थेत फॅट आणि डिग्री (लॅक्टोमीटरवरील दुधाच्या घनतेचा आकडा) रोज मोजली जाते, कारण पैसे त्यावर ठरतात. दूध किती स्वच्छ हाताळले गेले हे मात्र बहुधा वास घेऊन किंवा थोडे दूध उकळून पाहूनच ठरवले जाते. उकळताना दूध फाटते ते आम्लता बरीच वाढल्यावर, म्हणजे जीवाणूंनी आपले काम उरकल्यानंतर. त्याआधीच इशारा हवा असेल, आणि प्लेटवर वसाहती वाढवून मोजण्यासाठी लागणारे दोन-तीन दिवस व प्रयोगशाळा हाताशी नसेल, तर मिथिलीन ब्लू चाचणी उपयोगी पडते. डेअरीत तिला एमबीआरटी (मिथिलीन ब्लू रिडक्शन टेस्ट) म्हणतात.

तिच्यामागचे तत्त्व सोपे आहे. दुधात मिथिलीन ब्लू हा निळा रंग मिसळतात आणि तो किती वेळात जातो ते पाहतात. दुधातील जीवाणू वाढताना विरघळलेला ऑक्सिजन वापरून टाकतात. तो संपत आला की दुधाचे रासायनिक स्वरूप बदलते आणि निळ्या रंगाचे क्षपण (रिडक्शन) होऊन तो रंगहीन होतो. जीवाणू जितके जास्त व जितके कामसू, तितका रंग लवकर जातो.

साहित्यात १० मिलीची खूण असलेल्या परीक्षानळ्या, रबरी बुचे, १ मिलीचे पिपेट, तापमापक आणि झाकण असलेले ३७ अंश सेल्सिअसचे पाण्याचे कुंड लागते. नळ्या, बुचे व पिपेट निर्जंतुक हवीत. ऑटोक्लेव्ह (दाबाखालील वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र) नसेल तर प्रेशर कुकरमध्ये पूर्ण दाबाखाली २० मिनिटे ठेवावीत. रंगाचे द्रावण उकळून गार केलेल्या ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात, मिथिलीन ब्लूच्या गोळीच्या पाकिटावरील प्रमाणानेच करावे आणि गडद बाटलीत, थंड जागी ठेवावे. दुधात मिसळल्यावर रंगाचे प्रमाण अडीच ते तीन लाख भागांत एक भाग इतके अल्प असते. रंग गडद दिसावा म्हणून द्रावण दाट करण्याचा मोह होतो. तसे केल्यास रंग जायला जास्त वेळ लागतो आणि वाईट दूधही बरे ठरते.

नमुना घेताना कॅनमधील दूध तळापासून ढवळावे, कारण वर येणाऱ्या सायीबरोबर जीवाणूही वर चढतात. चाचणीला उशीर होणार असेल तर नमुना बर्फात ठेवावा, पण गोठू देऊ नये. नळीत १० मिली दूध घेऊन त्यात १ मिली द्रावण सोडावे. पिपेटचे टोक दुधाला लागू देऊ नये आणि ते तोंडाने ओढू नये. बूच लावून नळी हळुवार एकदा उलटसुलट करावी. जोरात हलवल्यास दुधात हवा मिसळते आणि वेळ फुगतो. नंतर नळ्या कुंडात अशा ठेवाव्यात, की बाहेरील पाण्याची पातळी दुधाच्या वर राहील. झाकण आवश्यक आहे, कारण उजेडानेही रंग फिका पडतो. खिडकीतल्या उन्हात ठेवलेल्या नळीने चांगल्या दुधाची बदनामी होते.

सोबत दोन तुलनेच्या नळ्या ठेवाव्यात. दोन्हींत उकळून गार केलेले दूध घ्यावे. एकीत १ मिली पाणी, दुसरीत १ मिली रंग घालावा. पहिली रंगहीनतेची ओळख पटवते, दुसरी शेवटपर्यंत निळी राहायला हवी. दुसरीचा रंग उडाला तर दोष नळ्यांत किंवा द्रावणात आहे असे समजून त्या दिवसाच्या सर्व नोंदी रद्द कराव्यात.

पहिले निरीक्षण ३० मिनिटांनी आणि पुढे दर तासाला, म्हणजे दीड, अडीच, साडेतीन तासांनी करावे. दीड तासाला निळी असलेली नळी अडीच तासाला पांढरी दिसली, तर नोंद २ तास अशी होते. जी नळी अजून निळी आहे ती प्रत्येक निरीक्षणानंतर एकदा हळूच उलटवावी, म्हणजे साय एकाच जागी साचत नाही. वरच्या टोकाला हवेमुळे उरणारी बारीक निळी कड मोजू नये. कच्च्या दुधासाठी भारतात वापरली जाणारी प्रतवारी अशी: ५ तास वा अधिक अतिउत्तम, ३ ते ४ तास चांगले, १ ते २ तास मध्यम, अर्ध्या तासात रंग गेला तर वाईट.

खरी काळजी मात्र निळ्या राहिलेल्या नळीची घ्यावी, हे माझे मत. दगडी (कासदाह) झालेल्या गायीला प्रतिजैविक टोचले असेल आणि त्या औषधासाठी सांगितलेले दिवस भरण्याआधीच तिचे दूध कॅनमध्ये आले असेल, तर जीवाणू दबलेले असतात आणि नळी ऐटीत निळी राहते. घरी त्याच दुधाला विरजण लागत नाही, तेव्हा उलगडा होतो. टिकवण्यासाठी फॉर्मॅलिन हे रसायन टाकलेले दूधही असेच फसवते. बल्क कूलरमध्ये (दूध थंड साठवण्याच्या मोठ्या टाकीत) फार वेळ राहिलेल्या दुधात थंडीत वाढणारे जीवाणू माजतात, पण ते ३७ अंशांवर सुस्त असल्याने वेळ लांबतो. म्हणून वेळ अनपेक्षितपणे चांगला आला, तर उत्पादकाला जनावराच्या औषधोपचाराविषयी विचारावे, आणि शंका उरल्यास नमुना प्रतिजैविक अवशेषांच्या चाचणीला पाठवावा. उलट, दगडीच्या दुधातील पांढऱ्या पेशी स्वतःच रंग घालवण्यास हातभार लावतात, त्यामुळे एकाच उत्पादकाचा वेळ अचानक घसरल्यास भांड्यांबरोबर कासही तपासावी.

ही चाचणी रोगजंतू ओळखत नाही. क्षय किंवा ब्रुसेलोसिस झालेल्या जनावराचे दूध ५ तास निळे राहू शकते, त्यामुळे अतिउत्तम प्रत मिळालेले कच्चे दूधही न उकळता पिऊ नये.

वेळ कमी आलेल्या उत्पादकाचा नमुना सलग तीन दिवस, एकदा त्याच्या किटलीतून आणि एकदा संस्थेच्या कॅनमधून, असा वेगवेगळा तपासावा. किटलीत चांगला आणि कॅनमध्ये वाईट वेळ आला, तर चूक केंद्रातील कॅन धुण्यात आहे आणि उत्पादकाचे पैसे कापण्याचे कारण नाही. चाचणी संपल्यावर नळ्यांतील दूध उकळूनच टाकावे आणि नळ्या निळा डाग पूर्ण जाईपर्यंत धुवाव्यात.