ट्रेडमिलवर व्हिडिओ अडकत होता, तो असा सुरळीत झाला

माझ्या ट्रेडमिलला स्वतःची स्क्रीन आहे, पण तिच्यातला ब्राउझर जुना. अपडेट यायचे बंद झाले आणि व्हिडिओ लागेनासे झाले. नुसता काळा चौकोन, मध्ये गोल फिरतंय. फॅक्टरी रीसेट करूनही फरक पडला नाही.

मग त्या स्क्रीनचा नाद सोडून टॅबलेट लावला. तो ट्रेडमिलच्याच पॅनलवर ठेवला तर पावलागणिक हादरतो, सबटायटल वाचताच येत नाहीत. म्हणून समोर जमिनीवर वेगळा स्टँड उभा केला, स्क्रीन बरोबर डोळ्यांच्या पातळीला. मान खाली घालून चालणं थांबलं, खांदे मोकळे राहू लागले. हा बदल मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

व्हिडिओ तरीही मधूनमधून थांबायचा. राउटर त्याच खोलीत आहे, म्हणून टॅबलेट वाय-फायच्या २.४ ऐवजी ५ गिगाहर्ट्‌झवर जोडला, प्रश्न मिटला. राउटर दोन भिंतींपलीकडे असेल तर ५ चा पल्ला कमी पडतो, तिथे व्हिडिओ आधीच डाउनलोड करून ठेवावा.

आणि हो, सेफ्टी कीची, म्हणजे पट्टा थांबवणाऱ्या चावीच्या दोरीची, क्लिप कपड्याला लावल्याशिवाय प्ले दाबू नका. लक्ष चित्रात गुंतलं की पाय नकळत पट्ट्याच्या कडेला सरकतो. तोल गेलाच तर दोरी ओढली जाऊन की निघते आणि पट्टा थांबतो.