डिजिस्पार्कवर पहिला प्रोग्रॅम चढवताना

डिजिस्पार्क म्हणजे एटीटायनी८५ चिपचा, प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड. तो आधीच यूएसबीत खोचून ठेवू नका. बहुतेकांची गाडी इथेच अडते. संगणकावर आर्डुइनो या प्रोग्रॅम लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘अपलोड’ दाबा, बोर्ड लावायचा संदेश आला की ६० सेकंदांच्या आत लावा. बूटलोडर (नवा प्रोग्रॅम आत घेणारा, बोर्डातच असलेला छोटा प्रोग्रॅम) जेमतेम ५ सेकंद वाट पाहतो, मग आत असलेला जुना प्रोग्रॅम सुरू करतो. बोर्ड दिसतच नाही? केबल वापरत असाल तर आधी ती बदला. नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात.

बोर्डावरचा एलईडी बहुधा पी१ या पिनवर असतो, काहींत पी० वर. बाहेरचा एलईडी पी२ ला ३३० ओहमच्या रेझिस्टरमधून जोडा, लांब पाय पिनच्या बाजूला. पी३ आणि पी४ यूएसबीच्या वाटेवर आहेत. तिथे काही जोडलंच असेल तर अपलोडपुरतं काढून ठेवा.

प्रोग्रॅमला जागा साधारण ६ केबी. मोठ्या लायब्ररी (तयार कोडचे संच) विसरा.