बग्गीच्या संघात शिरताय? आधी एवढं बघा

अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९२० पासून बग्गी पळते, म्हणजे विद्यार्थी ढकलत नेतात त्या छोट्या गाड्यांची शर्यत होते. शर्यत विद्यापीठाच्या वसंतातल्या उत्सवात, कार्निव्हलला असली तरी रस्त्यावरचा सराव, म्हणजे ‘रोल्स’, शरद सत्रातच सुरू होतो, तोही शनिवार-रविवारी भल्या पहाटे. नाव तेव्हाच द्या.

बग्गीला ना इंजिन, ना पेडल. आत ड्रायव्हर पालथा, डोकं पुढे. पाच पुशर (ढकलणारे), पाच चढ, सुमारे १.३५ किलोमीटर, चांगले संघ दोन मिनिटांच्या थोडं वर घेतात. दुसऱ्या चढाच्या माथ्यावर बग्गी सोडून देतात. पुढचा शेन्ली पार्कातला उतार ती एकटीच उतरते. बघ्यांना हाच भाग आवडतो. वेळ मात्र बरीचशी चढांवरच जाते.

नवा पुशर मागच्या, ढकलायच्या दांड्यावर भार टाकतो. त्याने मागचं चाक दबतं, पुढची हलकी होतात आणि स्टिअरिंग ढिलं पडतं. हात सरळ ठेवा, जोर पुढे लावा. बदलीच्या पट्ट्यात, म्हणजे एक पुशर दुसऱ्याकडे बग्गी सोपवतो तिथे, पुढच्याने आधीच पळत असायला हवं. उभं राहून बग्गीची वाट पाहिली, तर आधीच्याने कमावलेला वेग तिथेच संपला.

उतार संपताना उजवीकडे तीव्र वळण येतं, ती ‘चूट’. ड्रायव्हरची नजर जमिनीपासून वीतभर उंच, त्यामुळे वळायचं कधी हे बाहेरचा फ्लॅगर (झेंड्याने खूण करणारा) दाखवतो. लवकर वळलं तर आतली कड, उशीर झाला तर बाहेरच्या कडेचे गवताचे भारे. आणि वळणातच ब्रेक दाबला तर मागचं चाक घसरून बग्गी गरकन फिरते. ओल्या रस्त्यावर पकड राहत नाही, म्हणून पाऊस असला की रोल्स रद्द.

मेकॅनिकचं काम सर्वांत कमी दिसतं. शिकायला आम्ही तेच आधी सुचवू. पुढची दोन चाकं समांतर नसली तर रबर रस्त्याला घासत राहतं आणि वेग गळतो. रिकामी बग्गी तपासून भागत नाही: ड्रायव्हर आत झोपला की सांगाडा किंचित वाकतो आणि चाकांचा कोन बदलतो. म्हणून ड्रायव्हरला आत घेऊनच मोजा, मग सपाट कॉरिडॉरमध्ये स्टिअरिंग सरळ धरून हळू ढकला. एका बाजूला ओढली तर पुन्हा जुळवा. बेअरिंगमधलं घट्ट ग्रीस धुऊन पातळ तेल घाला, पण थेंबभरच. जास्तीचं चाकाच्या रबरावर उतरतं.

ब्रेकची चाचणी आणि हेल्मेट, गॉगल, हार्नेस यांत सूट नाही.